झिंग आणि चव

पदार्थाची परीक्षा त्याच्या चवीवरून करावी कीं परिणामावरून करावी, असा प्रश्न जेवणाच्या बाबतींत कोणी विचारला, तर लोक त्याला वेड्यांत काढतील. पुरणपोळी खाल्ल्यावर सुस्ती किती आली यावरून पुरणपोळीचा कस ठरविणारा गृहस्थ अजून तरी आमच्या पाहण्यांत आलेला नाहीं. हापूस श्रेष्ठ कीं पायरी श्रेष्ठ यावर घरोघर कडाक्याचे वाद होतात. रंग निघतो, वास निघतो, रसाचा दाटपणा निघतो. पण आंबा खाऊन पोट किती जड झालें, हा त्या वादांतला मुद्दा कधींच नसतो. मद्याची गोष्ट निघाली मात्र, कीं हीच चोखंदळ माणसें आपली रसना गुंडाळून ठेवतात आणि एकच प्रश्न विचारतात: ‘किती चढते?’ या प्रश्नाविरुद्ध आमचें भांडण आहे. हा प्रश्न विचारणारा मनुष्य पिणारा असो कीं न पिणारा असो, तो अभिरुचीचा शत्रु आहे, आणि त्याच्या हातून पुढें होणाऱ्या पुष्कळ अनर्थांचें मूळ या एका प्रश्नांत आहे, असें आमचें म्हणणें आहे.

हा प्रश्न ज्या प्रदेशांत ऐकून आम्हांस सर्वांत अधिक नवल वाटतें, तो पुण्याच्या अगदीं उशाशीं आहे. दापोडी ओलांडली, कीं पिंपरी-चिंचवड, भोसरी, मोशी असें करीत थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग तुटत नाहीं. या पट्ट्यांतील माणसाचें सारें आयुष्य मापांत जातें. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा फरक पडला, तर तयार झालेला सुटा भाग भंगारांत जातो. ‘चालतंय कीं’ म्हणून तो पुढें ढकलणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं जाब द्यावा लागतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि गेज हीं येथील नित्याचीं उपकरणें. शिवाय किण्वनाची विद्याहि या भूमीला परकी नाहीं. पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत वाढवून तिच्यापासून पेनिसिलिन काढावयाचें, आणि उष्णमान, हवा व आम्लता यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावयाचा, हें तेथील काम होतें. म्हणजे यीस्टच्या चुलतभावंडांशीं या गांवाचा परिचय जुना आहे! मापाची एवढी शिस्त ज्यांच्या बोटांत मुरली, त्यांची जीभच तेवढी बेशिस्त कां राहावी? आणि हे लोक कोणी परके नव्हेत. ते आमच्या वाचकांचेच मुलगे, पुतणे आणि जांवई आहेत. आतां मुली आणि सुनाहि त्या कारखान्यांत अधिकाराच्या जागांवर आहेत. शनिवारीं रात्रीं ते काय पितात, याहिपेक्षां कशासाठीं पितात, हें जाणण्याची जबाबदारी आपणां वडीलधाऱ्यांना टाळतां येणार नाहीं.

ते बहुधा ‘स्ट्राँग’ पितात. आपल्या देशांत विकल्या जाणाऱ्या बियरपैकीं फार मोठा भाग याच सदरांत मोडतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांप्रमाणें शेंकडा 5 पर्यंत मद्यार्क असलेली बियर साधी, आणि त्याहून अधिक, शेंकडा 8 पर्यंतची, ‘स्ट्राँग’. नेहमींची 650 मिलिलिटरची बाटली शेंकडा 8 ची असली, तर तींत 52 मिलिलिटर मद्यार्क असतो. आणि ग्राहक मनांतल्या मनांत बाटलीच्या किंमतीला या आंकड्यानें भागून खरेदी करतो. अशी बियर करण्याची स्वस्त युक्तीहि ठरलेली आहे. जवाच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर यांची भर घालावयाची. त्यांतली गोडी यीस्टकडून जवळजवळ सगळी खाऊन टाकावयाची. आणि मग जें पातळ व उग्र पेय उरतें तें बर्फासारखें गार करून पुढें ठेवावयाचें. गारठ्यानें वास दबतो, जीभ बधिर होते, आणि दोष झांकले जातात. बधिर जिभेनें प्यालेल्या पेयाला चव कशी होती असें विचारणें म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून चित्राचें रसग्रहण करण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘प्राध्यापकमहाशयांना जोराची बियरच सोसत नाहीं; म्हणून हा सोंवळेपणा.’ या आक्षेपाला उत्तर देण्यासाठीं आम्ही मुद्दाम जोराचेंच उदाहरण घेतों. स्कॉटलंडमध्यें ‘वी हेवी’ या नांवाचा एलचा एक प्रकार आहे. ‘वी’ म्हणजे चिमुकली. लहान बाटलींत मिळणारी आणि अंगानें जड अशी ही बियर. तिच्यांत मद्यार्क शेंकडा साडेसहापासून दहापर्यंत असतो. म्हणजे आमच्या ‘स्ट्राँग’ला ती हार जाणारी नव्हे. पण तिचा जोर कोठून येतो तें पाहा. आपल्या घरांत लहान मुलासाठीं नाचणीचें सत्त्व करतात, त्या वेळीं नाचणी भिजवून तिला मोड आणतात, मग ती वाळवतात, मंद भाजतात आणि दळतात. जवावर हाच संस्कार केला म्हणजे माल्ट तयार होतें. मोड येतांना दाण्यांत जे पाचक द्रव्य उत्पन्न होतात, ते गरम पाण्यांत पिठाची साखर करतात. तो गोड काढा उकळून, गाळून, थंड करून यीस्टच्या स्वाधीन करतात. पाण्याची घनता 1.000 धरली, तर वी हेवीच्या काढ्याची घनता आरंभीं 1.070 पासून 1.130 पर्यंत असते, आणि आंबवण संपल्यावरहि ती 1.018 पासून 1.040 पर्यंत उरते. या शेवटच्या आंकड्यांतच सारें मर्म आहे. यीस्टनें आपला वाटा घेतल्यावरहि धान्याचें सत्त्व पेल्यांत शिल्लक राहतें. त्यामुळें तें पेय जिभेवर भरीव लागतें. एक जोर अंगचा असतो आणि एक अंगावर येणारा असतो. वी हेवीचा जोर पहिल्या जातीचा आहे.

या एलचा एक प्रसिद्ध नमुना ट्रॅक्वेअर हाऊस या जुन्या वाड्यांत होतो. तेथील अठराव्या शतकांतली भट्टी अडगळींत पडली होती. वाड्याच्या मालकानें ती 1965 सालीं पुन्हां चालू केली, आणि ओकच्या लांकडी पात्रांत आंबवण्याची जुनी रीत राखली. तिचा मद्यार्क शेंकडा 7.2. स्कॉटलंडच्या लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत आपल्या बियरचे प्रकार पिंपाच्या किंमतीवरून ओळखले. 60 शिलिंगांची हलकी, 80 शिलिंगांची भारी, असा तो हिशेब. नांवाला किंमत लावणारे ते लोक व्यवहारी खरे. पण आपण नांवाला नशाच लावून ठेवली, त्यापेक्षां त्यांचा व्यवहार बरा म्हणावयाचा!

आतां परीक्षेची रीत पाहूं. बियरच्या परीक्षकांची जी संस्था अमेरिकेंत 1985 सालीं निघाली, तिचा गुणतक्ता आज जगभर चालतो. एकंदर गुण 50. त्यांपैकीं वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडांतील स्पर्शाला 5 आणि एकंदर प्रभावाला 10. वाचकांनीं हे आंकडे पुन्हां एकदां डोळ्यांखालून घालावेत. पन्नासांत नशेला एकहि गुण नाहीं! मद्यार्काची दखल घेतली जाते ती त्याची ऊब सौम्य आहे कीं घसा जाळणारी आहे एवढ्यापुरती, आणि जाळणारी असली तर गुण कापले जातात. ज्या गोष्टीसाठीं आमचा तरुण पैसे मोजतो, तिला परीक्षकाच्या तक्त्यांत जागा नाहीं. आणि ज्या गोष्टींना पन्नास गुण आहेत, त्यांची आमच्या तरुणाला वार्ता नाहीं.

हा तक्ता घेऊन निगडी-प्राधिकरणांतील एका स्नेह्याच्या घरीं आम्ही पांच जण बसलों होतों. त्यांची कन्या एडिंबरोस असते. तिनें येतांना ट्रॅक्वेअरची 330 मिलिलिटरची एक बाटली आणली होती. प्रत्येकाच्या वाट्यास 66 मिलिलिटर आले. बाकीचे चौघे चाकणच्या व भोसरीच्या कारखान्यांत काम करणारे अभियंते, त्यांत एक बाई. बाटली फार गार नको, बारा अंशांच्या आसपास असावी, असें ठरलें. आणि शेजारींच तेवढ्याच उष्णमानाची एक देशी ‘स्ट्राँग’ नांव झांकून ठेवली. पहिल्या पांच मिनिटांत कोणालाच शब्द सुचेनात. ‘चांगली आहे’, ‘भारी आहे’, येथेंच सर्वांची वाणी खुंटली. मग त्या बाई म्हणाल्या, ‘लोणावळ्याला चिक्कीचा पाक कढत असतो, त्या दुकानाबाहेरून गेल्यासारखा वास येतोय.’ त्याबरोबर जणूं बांध फुटला. एकाला काकवी आठवली, एकाला खारीक, एकाला शेवटच्या घोटांत ओल्या लांकडाची किंचित् तुरट चव लागली. तासाभरांत चौघांनीं आपापले कागद भरले. मग झांकलेल्या पेल्याची पाळी आली. गारवा उतरलेल्या त्या पेयास ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि घशांत नुसती आंच लागत होती. एकानें लिहिलें, ‘सांगण्यासारखें कांहीं नाहीं.’ हाच गृहस्थ तें पेय दर आठवड्याला आवडीनें घेत असे! तें दुसऱ्या पेयाहून कमी जोराचें नव्हतें. परंतु परीक्षकाच्या खुर्चींत बसल्याबरोबर त्याला आपल्या आवडींत आवडण्यासारखें कांहीं सांपडेना.

या लहानशा प्रसंगावरून एक मोठी गोष्ट सिद्ध होते. आमच्याजवळ जीभ आहे, शब्दहि आहेत. फक्त त्यांची गांठ कोणी घालून दिलेली नाहीं. जवाच्या माल्टचें वर्णन करण्यास मराठीइतकी समर्थ भाषा थोडक्या असतील. ‘खमंग’ आणि ‘खरपूस’ यांतला भेद प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. खरपूस जेथें संपतें आणि ‘करपट’ जेथें सुरू होतें ती सीमा तिला वासावरून कळते. आणि माल्टी एलची अर्धी परीक्षा या एका सीमेवरच आहे. ‘तुरट’ हा शब्द आमचें शेंबडें पोरहि वापरतें. चरकानें सहा रस मोजले, त्यांत कषाय म्हणजे तुरट हा स्वतंत्र रस मानला. गंमत अशी, कीं त्याचा ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. ‘कटु’पासून आलेला मराठी ‘कडू’ मधल्या प्रवासांत अर्थ बदलून बसला. ज्या परंपरेनें सूत्रस्थानांत चौऱ्यायशीं आसव मोजून दाखविले आणि चिकित्सास्थानांत मदात्ययावर अख्खा अध्याय लिहिला, ती परंपरा मद्याला भीतहि नव्हती आणि भुललीहि नव्हती. ती त्याला तपासीत होती.

आतां विरुद्ध पक्षांकडे वळूं. पहिला पक्ष निषेधवाल्यांचा. त्यांच्या हातीं गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ हें शस्त्र असतें. 1919 सालीं तें नाटक रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून मराठी माणसाच्या मनांत मद्य म्हटलें कीं सुधाकर उभा राहतो, आणि राहावा हेंहि योग्यच. परंतु त्या नाटकाचा साक्षीदार म्हणून उपयोग करावयाचा, तर त्याची साक्ष पुरती ऐकावी. सुधाकर पहिला प्याला घेतो तो अपमान विसरण्यासाठीं. तळीरामाचें आर्यमदिरामंडळ व्याख्यानें झोडतें तीं मद्याच्या महिम्यावर. त्यांच्यांतील कोणी प्याला नाकाशीं धरून त्याचा वास कसा आहे हें सांगतो काय? सुधाकराचा नाश चवीनें केला नाहीं. ‘किती चढते’ या प्रश्नानें केला. म्हणजे तें नाटक आमच्या बाजूचा पुरावा आहे.

याच पक्षाचा दुसरा मुद्दा आरोग्याचा. तो खरा आहे आणि आम्ही तो डोक्यावर घेतों. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2023 सालीं स्पष्ट सांगितलें आहे. जो पीत नाहीं त्यानें चवीच्या मोहानें पिऊं लागावें असें येथें एका अक्षरानेंहि सुचविलेलें नाहीं. पण जो पितोच, त्याच्यासाठीं हिशेब मांडा. निगडीच्या बैठकींत ट्रॅक्वेअरमधून प्रत्येकाच्या पोटांत गेलेला मद्यार्क पांच मिलिलिटरांहूनहि कमी होता. ‘स्ट्राँग’च्या एका बाटलींत 52 मिलिलिटर असतो. चाखणाऱ्याला तासभर पुरलें तें झिंगणाऱ्याच्या एका बाटलीचा दहावा हिस्साहि नव्हतें. परीक्षक सावध असावा लागतो. तिसऱ्या पेल्यानंतर त्याच्या निकालावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, म्हणून तो आपण होऊन हात आंखडता घेतो. संयमाचा उपदेश ऐकून संयमी झालेलीं माणसें आम्हीं थोडीं पाहिलीं. चवीच्या अभिमानामुळें संयमी झालेलीं त्यांहून अधिक पाहिलीं आहेत.

दुसरा पक्ष सरकारी मनोवृत्तीचा. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्र हें नांव घेऊन आजहि जारी आहे. त्याखालीं पिणाऱ्यानें परवाना बाळगावयाचा, आणि तो परवाना आरोग्य राखण्यासाठीं मिळावयाचा! कायद्याचें नांव दारूबंदी, खात्याचें नांव उत्पादन शुल्क, आणि परवान्याचें निमित्त प्रकृति: या तिहींत मद्याला चव असते याची कबुली कोठेंच नाहीं. ज्या समाजाचा कायदा असा एक डोळा मिटून चालतो, त्याच्या घरांत मुलगा बाटली दप्तरांत लपवून आणतो आणि वडील ती दिसूनहि न दिसल्यासारखें करतात. जें चोरून प्यावयाचें तें भरभर प्यावें लागतें. आणि भरभर पिणाऱ्याला चव कसली?

तिसरा पक्ष नव्या रसिकांचा, आणि तो आमच्या बाजूचा दिसतो म्हणून अधिक घातक. पुण्यास 2009 सालीं ‘डूलाली’ या नांवानें लहान प्रमाणावर बियर गाळणारी भट्टी निघाली, आणि तिच्या मागून अशा भट्ट्या वाढत गेल्या. हें स्वागतार्हच झालें. तें नांवहि मोठें सूचक आहे. देवळालीच्या छावणींत मायदेशीं जाणाऱ्या बोटीची वाट पाहून ज्या गोऱ्या शिपायांचीं डोकीं फिरलीं, त्यांच्या तोंडीं देवळालीचें ‘डूलाली’ झालें आणि त्याचा अर्थ इंग्रजींत ‘वेडा’ असा रूढ झाला. वेडाचें नांव घेऊन शहाणपणाचें पेय आलें, यांत आम्हांस गैर वाटत नाहीं. वाईट वाटतें तें पेल्याबरोबर आयात केलेल्या विशेषणांचें. आमचे नवरसिक बाटलीवरचें इंग्रजी वर्णन आधीं पाठ करतात आणि मग तें जिभेवर शोधूं लागतात. व्हिस्कीच्या आठवणीनें स्कॉच एलमध्यें पीटच्या धुराचा वास हुडकणारे पंडित आम्हीं पाहिले आहेत. वस्तुतः तो धूर त्या एलच्या परंपरेंत बसत नाहीं, असें परीक्षकांचा नियमच सांगतो. आणि नियमावलि तरी वेदवाक्य थोडीच आहे? हॉपचें पीक स्कॉटलंडांत होत नाहीं म्हणून तेथील बियर पूर्वींपासून कमी कडू, ही कथा वर्षानुवर्षें छापली गेली. जुन्या भट्ट्यांच्या नोंदवह्या उघडून पाहिल्या तेव्हां इतिहासकारांना तेथें हॉपचा भरपूर वापर आढळला. कथेपेक्षां नोंदवही मोठी, आणि पाठ केलेल्या विशेषणापेक्षां जीभ मोठी. ज्याला आपल्या घरचा चिक्कीचा पाक आठवत नाहीं आणि परक्याची ‘टॉफी’ मात्र आठवते, त्यानें रसिकता उसनी आणली आहे.

या तिन्ही पक्षांत वरवर वैर असलें तरी आंतून एकी आहे. निषेधवाला म्हणतो, मद्य म्हणजे नशा. सरकार म्हणतें, मद्य म्हणजे महसूल. नवरसिक म्हणतो, मद्य म्हणजे प्रतिष्ठा. जिभेवर काय आहे हें तिघांपैकीं कोणीच पाहत नाहीं. आणि या तिघांच्या मध्यें सांपडलेला चाकणचा तरुण दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे सुटे भाग काटेकोर तपासतो, आणि रात्रीं स्वतःच्या तोंडांत काय जातें याची मात्र तपासणी करीत नाहीं.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. ज्या घरांत मद्य येत नाहीं, तें घर तसेंच राहो. त्याच्यावर कोणी हंसूं नये. ज्या घरांत तें येतें, तेथें तें चोरून न येतां उजेडांत यावें, आणि वडीलधाऱ्यांनीं ‘किती घेतलीस’ या प्रश्नाबरोबर ‘कशी होती’ हाहि प्रश्न विचारावा. ज्याला उत्तर देतां येईल तो थोडक्यांत थांबेल. ज्याला उत्तर देतां येणार नाहीं, त्याला आपण चवीसाठीं पीत नाहीं ही गोष्ट तरी कळेल. मग तो कशासाठीं पितो हा प्रश्न त्याला स्वतःलाच विचारावा लागेल, आणि तो प्रश्न कोणत्याहि दारूबंदीहून अधिक कडक आहे.